ईबर्ड आणि मर्लिन: कोकणच्या पुळणीवर, खाडीत आणि वाडीत कितपत कामाचे?

निकाल आधी सांगून टाकू. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या असतील तर ईबर्डला आज तरी तोड नाही; पाचपैकी साडेचार. मर्लिनला वाडीत आणि रानात चार, पुळणीवर एक, तोही भिडेखातर. दोन्ही ॲप फुकट, दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीची, म्हणून लोक दोघांना एकाच मापाने मोजतात आणि तिथेच घोळ होतो. मर्लिन पक्षी ओळखायला मदत करतं, ईबर्ड नोंद ठेवतं. मर्लिनने सुचवलेलं नाव न तपासता ईबर्डमध्ये टाकणं म्हणजे ऐकीव गोष्ट पंचनाम्यात लिहिणं.

ईबर्ड २००२ साली सुरू झालं आणि २०१० पासून जगभरासाठी खुलं झालं. भारतातला कारभार बर्ड काउंट इंडिया पाहते. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यामागे सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी आहेत आणि त्या ईबर्डवरच जमलेल्या आहेत. आंजर्ल्याच्या खाडीवर अर्धा तास उभं राहून केलेली यादीही त्याच ढिगात जाते. म्हणून ती कशी केली याला महत्त्व आहे.

घरून निघण्याआधी

खाडीच्या काठाने नेटवर्क कुठे असेल, कुठे नसेल. ईबर्डचा भारताचा पॅक, म्हणजे इथल्या पक्ष्यांची माहिती, घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. मर्लिनचा पॅक वेगळा असतो, तोही घ्यावा. एकदा पॅक आला की यादी, जीपीएसचा माग, आवाजाची ओळख हे सगळं नेटवर्कशिवाय चालतं. यादी पाठवायची तेवढी घरी येऊन पाठवायची. नेटवर्क नसताना नकाशा कोरा दिसतो, पण जागा चुकत नाही. तिथे घाबरून नकाशावर अंदाजाने बोट ठेवू नये.

पक्ष्यांच्या नावांची भाषा सेटिंगमध्ये बदलता येते आणि त्यात मराठीही आहे. हौसेने मराठी लावायला हरकत नाही, मात्र किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मराठी नावं अजून पक्की बसलेली नाहीत. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे तुतारी, टिलवा, चिखल्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांत पुस्तकागणिक फरक पडतो. इंग्रजी नावं ठेवली तर नोंद भराभर होते. आधी आकडा, मग नावातल्या दोन शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं टाकली की पक्षी समोर येतो. थवा उडायच्या बेतात असताना हे सेकंद मोलाचे ठरतात.

फोनला पाणी लागलं की पडदा स्वतःहून आकडे भरतो. पावसाळ्यात आणि होडीत फोन झिपच्या पिशवीत ठेवावा, माग चालू करून पडदा बंद करावा आणि आकडे वहीत शिसपेन्सिलीने घ्यावेत. बॉलपेनची शाई पसरते.

‘सगळे लिहिले का?’ या प्रश्नाचं उत्तर

यादी संपवताना ईबर्ड विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का. हा प्रश्न घाईत ‘हो’ करून सोडण्यासारखा नाही. पक्षी वाढले की घटले हे काढताना पाहतात ते एवढंच, की शंभर पूर्ण याद्यांपैकी कितींमध्ये तो पक्षी आला. म्हणजे यादीत नसलेला पक्षीसुद्धा माहिती देतो, पण यादी खरोखर पूर्ण असेल तरच. पुळणीवर गेलेला माणूस समुद्र गरुड, सुरय, कालवफोड्या लिहितो. बंदरावरचे दोनशे कावळे, घारी आणि वाळत घातलेली मासळी टिपणाऱ्या साळुंक्या सोडून देतो आणि वर ‘हो’ म्हणतो. ही यादी खोटी झाली. कावळे लिहायचा कंटाळा असेल तर सरळ ‘नाही’ म्हणावं. अशी यादीही ठेवण्याजोगी असते, ती फक्त वेगळ्या कामाला येते.

आकड्याच्या जागी फुली टाकायची सोय आहे. ती शक्यतो वापरू नये. ‘साधारण ३५०’ हा अंदाज पन्नासाने चुकला तरी फुलीपेक्षा शंभरपट उपयोगी असतो. फुलीचा अर्थ पक्षी होता एवढाच. एक होता की हजार, हे कुणालाच कळत नाही.

भरती-ओहोटी: ॲपला न कळणारी गोष्ट

आता या परीक्षणातला मुख्य मुद्दा. ईबर्डला वेळ कळते, जागा कळते, चाललेलं अंतर कळतं, पण भरती कळत नाही. रानात सकाळी सात आणि सकाळी अकरा यात जो फरक असतो, त्याहून मोठा फरक खाडीत भरतीच्या आणि ओहोटीच्या यादीत पडतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखले, तुतारी, टिलवे किलोमीटरभर पांगून चरतात. दुर्बिणीतून ठिपके दिसतात, ओळख पटत नाही. भरतीला पाणी चढलं की तेच पक्षी वाळूच्या दांड्यावर, खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) बांधावर किंवा पुळणीच्या टोकाला एकत्र येऊन बसतात. एकाच जागेच्या, एकाच आठवड्यातल्या दोन याद्यांत ४० आणि ६०० असे आकडे येतात, तेव्हा पक्षी वाढलेले नसतात. पाणी वाढलेलं असतं.

मोजायला उत्तम वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं, पांगलेले थवे जवळ येतात आणि भरती पूर्ण होताना ते एका जागी स्थिर होतात. तिथे मोजावं.

वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. हीच भरती सकाळी आणि हीच पुन्हा सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी. हिशेब अर्ध्या-एक तासाने मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्यावी. दिवस ठरवायला मात्र पंचांग पुरतं. एकादशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या या दिवसांत भरती सकाळी आठ ते साडेअकराच्या दरम्यान येते. उन्हं तापायच्या आत मोजणी होते आणि उधाण जवळ असल्याने चिखल पूर्ण बुडतो. अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी पुरेसं चढत नाही. चिखलाचे पट्टे उघडेच राहतात आणि पक्षी एकत्र यायचं नाव घेत नाहीत. मुंबई-पुण्याहून रविवार पाहून येणाऱ्यांनी आधी तिथी पाहावी.

खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोहोचते. दाभोळच्या तोंडाशी पाणी पूर्ण चढलेलं असताना वाशिष्ठीत वर गोवळकोटकडे ते अजून चढतच असतं. बंदराच्या तक्त्यातली वेळ खाडीच्या आतल्या खाजणाला जशीच्या तशी लावू नये.

ईबर्डमध्ये भरतीचा रकाना नाही, म्हणून ती यादीच्या शेऱ्यात लिहायची. रोज तोच साचा वापरावा: ‘भरती ११.१०, मोजणी १०.२० ते ११.००, चिखल बुडालेला, वारा वायव्य, रापण चालू, कुत्री ३’. एवढी एक ओळ पुरते. शेरे संकेतस्थळावर शोधता येत नाहीत, ही मोठी उणीव आहे. पण उतरवून घेतलेल्या माहितीत ते येतात आणि साचा एकच असेल तर नंतर चाळता येतात. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, उल्लेख हौसेखातर नाही. रापण ओढताना घारी, ब्राह्मणी घारी, कुरव, सुरय आणि बगळे एका जागी गोळा होतात. त्या दिवशीचा मोठा आकडा मासळीमुळे आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. हर्णैच्या मासळी लिलावाच्या वेळी केलेल्या मोजणीचंही तेच.

थवा मोजायचा कसा

आधी दहा पक्षी एक-एक मोजावेत आणि ते नजरेत किती जागा व्यापतात हे पाहावं. तेवढाच तुकडा थव्यावर पुढे सरकवत न्यावा. पाचशेच्या वर थवा असेल तर तुकडा पन्नासाचा किंवा शंभराचा करावा. डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा. दोन आकड्यांत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. थव्याच्या मधोमध पक्षी दाट आणि कडेला विरळ असतात. तुकडा कडेवर ठरवला तर एकूण आकडा कमी भरतो, मध्यावर ठरवला तर जास्त.

मिश्र थव्यात आधी एकूण आकडा घ्यावा, मग स्पॉटिंग स्कोपने (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीने) वेगवेगळ्या तीन जागी शंभर-शंभर पक्षी तपासून जातींचं प्रमाण काढावं. बसलेल्या थव्यात लहान पक्षी मोठ्यांच्या आड लपतात, म्हणून एकाच कडेचे शंभर पक्षी सगळ्या थव्याला लावू नयेत. फोटो काढून घरी मोजणं सगळ्यात खात्रीचं, पण फोटोत थव्याची दोन्ही टोकं आली पाहिजेत.

किनाऱ्यावर आकडा फुगतो तो पुळणीवर चालताना. तुम्ही पुढे जाता, चिखल्यांचा थवा उडून शंभर पावलं पुढे बसतो. पुन्हा तुम्ही पुढे, पुन्हा तो पुढे. दोन किलोमीटरच्या फेरीत ६० पक्ष्यांचे ३०० होतात. थवा पुढे उडाला तर तो मोजलेला समजावा. मागे, तुमच्या डोक्यावरून परतून गेला की पुढे दिसेल तो नवा. कुत्री, गाड्या किंवा पॅरासेलिंगने उठवलेला थवा उडत असताना मोजू नये. बसेपर्यंत थांबावं, नाही तर ‘मोजणी उडताना’ असं शेऱ्यात लिहावं.

अंतराचीही गोम आहे. पुळणीवर माणूस गेलेल्या वाटेनेच परत येतो. ॲपचा माग जाऊन-येऊन चार किलोमीटर दाखवतो, पण नवी जागा दोनच किलोमीटर पाहिलेली असते. ईबर्डच्या नियमानुसार अशा वेळी एका बाजूचंच अंतर धरायचं असतं. यादी पाठवण्याआधी आकडा हाताने बदलावा. वेळ मात्र जाऊन-येऊन पूर्ण ठेवायची. एका जागी उभं राहून केलेली यादी ३० मीटरच्या आतल्या हालचालीपुरतीच ‘स्थिर’ धरली जाते. खाडीच्या बांधावर दोनशे मीटर इकडे-तिकडे केलं की ती ‘चालती’ झाली. चालत्या यादीला ८ किलोमीटरची मर्यादा सांगितलेली असली तरी कोकणात ती फार सैल आहे. गुहागरसारख्या लांबलचक पुळणीवर दीड-दोन किलोमीटरची एक यादी, खाडीच्या तोंडाची वेगळी, मागच्या नारळी-पोफळीच्या वाडीची वेगळी. तिन्ही एकत्र केल्या की पुळणीवरचा सँडरलिंग आणि वाडीतला तांबट एकाच यादीत येतात आणि कोण कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही.

चार जण मिळून गेले असतील तर एकानेच नोंद ठेवावी आणि यादी बाकीच्यांना ‘शेअर’ करावी. चौघांनी चार स्वतंत्र याद्या पाठवल्या की एक समुद्र गरुड चार ठिकाणी उडतो.

होडी, फेरीबोट आणि जिल्ह्याची हद्द

कोकणात खाडी हीच बऱ्याचदा जिल्ह्याची हद्द असते आणि ईबर्डचा सगळा हिशेब जिल्हावार. दाभोळ–धोपावे फेरीत जिल्हा बदलत नाही, एक यादी पुरते. वेश्वी–बागमांडला फेरीत रत्नागिरीतून रायगडात जाता. पलीकडे उतरल्यावर नवी यादी सुरू करावी. दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीत तर राज्यच बदलतं.

मासेमारीच्या होडीतून बाहेर गेलात तर किनाऱ्यावरचा ‘हॉटस्पॉट’ (ईबर्डवर आधीच ठरलेली सामाईक जागा) निवडू नये. किनाऱ्यापासून तीन-सव्वातीन किलोमीटरच्या बाहेर गेलं की ईबर्डचा समुद्री प्रकार लागू होतो. तिथे एका तासाहून लांब यादी चालत नाही. दर तासाला नवी यादी, नवी जागा. प्रकार बदलायचं काम घरी संकेतस्थळावरून करणं सोपं. मालवणच्या बंदरावर नोंदवलेला शिअरवॉटर, म्हणजे खोल समुद्राचा पक्षी, पाहिला की समजावं, बहुधा कुणीतरी हे केलेलं नाही.

अडणारे पक्षी

कुरवांपासून सुरुवात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात दोघेही पांढऱ्या डोक्याचे असतात आणि कानाशी काळा ठिपका दोघांनाही असतो. नावावर जाऊ नये, पंख पाहावेत. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे डाग असतील तर प्रौढ तपकिरी डोक्याचा; पंखाची पुढची कड लांबवर पांढरी दिसली तर काळ्या डोक्याचा. प्रौढ तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका, दुसऱ्याचा गडद. बसलेल्या थव्यात पंख दिसत नसतील तर ‘कुरव, जात अनिश्चित’ हा पर्याय ईबर्डमध्ये आहे. तो कमीपणाचा नाही. मोठ्या कुरवांत ह्यूग्लिन आणि स्टेप यांचा वाद पट्टीच्या लोकांतही मिटत नाही. फोटो चांगला नसेल तर उपप्रकार न लिहिता ‘लेसर ब्लॅक-बॅक्ड गल’ एवढ्यावर थांबावं.

वाळू चिखल्यांत मोठ्याची चोच लांब आणि जाड, पाय लांब, उडताना बोटं शेपटीबाहेर डोकावतात. पूर्वीच्या लहान वाळू चिखल्याची आता सैबेरियन आणि तिबेटी अशी फाळणी झाली आहे. जुन्या पुस्तकात ही नावं सापडणार नाहीत. दूरच्या थव्याला एकच नाव चिकटवू नये. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असलेले पर्याय त्यासाठीच आहेत.

समुद्र बगळा राखाडी असेल तर प्रश्न नाही, गळ्याचा पांढरा डाग सांगतोच. पांढऱ्या रूपातला मात्र लहान बगळ्यात मिसळून जातो. त्याची चोच जाड, किंचित वाकडी आणि पिवळट-तपकिरी असते, काळी कुळकुळीत नसते. उन्हात चमकणाऱ्या चोचीवर जाऊ नये. ढग आला की पुन्हा पाहावं.

तुरेवाल्या सुरयांत चोचीचा रंग निर्णायक: लहान तुरेवाल्याची नारिंगी, मोठ्याची हिरवट पिवळी, सँडविच सुरयाची काळी आणि टोक पिवळं. संध्याकाळच्या तांबूस उजेडात सगळ्याच चोची नारिंगी दिसतात, म्हणून शेजारच्या पक्ष्याशी आकार जुळवून पाहावा.

मर्लिन: कुठे ऐकावं, कुठे नाही

वाडीत पहाटे साडेसहाला फोन दगडावर ठेवून मर्लिनचं आवाज ओळखणं चालू केलं की तांबट, कुटुरगा, दयाळ, शीळकरी कस्तूर अशी नावं भराभर येतात आणि बहुतेक बरोबर असतात. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक फुकटात मिळणार नाही. फोन हातात धरला की बोटांच्या घर्षणाचा आवाज जातो, म्हणून दगड बरा. दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्यावेत; ध्वनिफाईल मिनिटाला पाच-सहा एमबी जागा खाते. नाव उजळलं की त्यावर बोट ठेवून नमुन्याचा आवाज ऐकावा, मग दुर्बिणीने पक्षी शोधावा. एकदाच उजळून गेलेलं नाव सोडून द्यावं. नावापुढे लाल ठिपका असेल तर तो पक्षी त्या जागी, त्या काळात दुर्मीळ आहे असं ॲप स्वतःच सांगत असतं. तिथे आनंद नंतर, शंका आधी.

फसवणारा मुख्य गडी भृंगराज. तो शिक्रा, सर्पगरुड, मांजर, शेजारचा सातभाई, सगळ्यांची नक्कल करतो आणि मर्लिन इमानदारीने एकेकाचं नाव लिहीत जातं. देवराईत एकाच झाडावरून पाच मिनिटांत सहा ‘जाती’ आल्या तर वर पाहावं; लांब दोन पिसांची शेपटी दिसेल.

पुळणीवर मर्लिन बंद ठेवलेलं बरं. लाटांचा आवाज अखंड असतो आणि ध्वनिचित्रात तो तळाशी जाड करडा पट्टा होऊन बसतो. त्यात चिखल्याची बारीक किणकिण बुडून जाते. सुरूच्या बनामागे तीस-चाळीस पावलं गेलं तर लाटा मंदावतात, पण वारा असेल तर सुरू स्वतःच सळसळतं. खाडीत वारा पडलेला असताना, लाटांपासून लांब, कोरल आणि टिलव्यांच्या शिट्ट्या ते पकडू शकतं.

फोटोवरून ओळख हा भाग दयाळ-खंड्यापुरता ठीक. पूर्ण वाढ न झालेले कुरव आणि पाचशे मीटरवरचे चिखले त्याला झेपत नाहीत. दहा वाजल्यानंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, फोटोत चोच लांब-आखूड होते आणि ॲप त्याच चोचीवर ठाम मत देतं.

लाल खूण आली म्हणजे

जागेच्या आणि महिन्याच्या मानाने पक्षी अनपेक्षित असेल किंवा आकडा मोठा असेल तर ईबर्ड खुलासा मागतं. मागे स्वयंसेवक परीक्षक असतात, ते मेलवर प्रश्न विचारू शकतात. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, तरी पुष्कळांना वाटतो. ‘नक्की तोच, आधीही पाहिला आहे’ हा खुलासा निरुपयोगी. ‘१५० लहान सुरयांत एक; आकार जवळजवळ दुप्पट, चोच जाड व लाल, डोक्यावर काळी टोपी; ६० मीटरवरून स्कोपने ४ मिनिटं; फोटो ३’ असा हवा. आकड्यासाठी: ‘शंभरच्या तुकड्यांनी दोनदा मोजले, ८०० आणि ८७०’. मान्य न झालेली नोंद तुमच्या यादीत राहतेच, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही.

घरटी, कडी आणि मेलेले पक्षी

विणीची नोंद करायला ईबर्डमध्ये चांगली सोय आहे: घरट्यासाठी काड्या नेताना, पिल्लांना चारा नेताना, घरट्यात पिल्लं, असे पर्याय पक्ष्याच्या नावाखाली निवडता येतात. चरण्याच्या आणि भांडणाच्या वागणुकीला असा रकाना नाही, ते शेऱ्यात.

समुद्र गरुडाचं घरटं वर्षानुवर्षं त्याच उंच झाडावर असतं. त्याचा फोटो नेमक्या जागेसह टाकणं म्हणजे गर्दीला आमंत्रण. काही संवेदनशील जातींची जागा ईबर्ड आपणहून वीस किलोमीटरच्या चौकोनात झाकतं. बाकीच्यांची जबाबदारी आपली: जागा गावापुरती ढोबळ द्यावी किंवा यादी लपवावी, आणि पिल्लू उडून गेल्यावर उघडावी. वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांतल्या भारतीय पाकोळ्यांची घरटी चोरीला गेलेली आहेत. किनाऱ्याला या बाबतीत भोळं राहणं परवडत नाही.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरं, एवढं हवं. ‘पायात काहीतरी होतं’ यातून काही निघत नाही.

जून ते ऑगस्टमध्ये वादळाने मास्क्ड बूबी, नॉडी, शिअरवॉटर असे खोल समुद्राचे पक्षी पुळणीवर येऊन पडतात. जिवंत असेल तर फोटोसह नोंद करावी, भोकं पाडलेल्या खोक्यात शांत जागी ठेवावा आणि वनविभागाला कळवावं. पुन्हा समुद्रात भिरकावू नये. दमलेला असतो, बुडतो. ईबर्ड जिवंत पक्ष्यांसाठी आहे. मेलेल्याची नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटोसह करावी: चोच बाजूने, पंख पसरून वरून आणि खालून, पाय, आणि मापासाठी शेजारी नाणं.

अर्धा गुण कापला तो भरतीच्या रकान्यासाठी आणि शेऱ्यांच्या शोधासाठी. आणखी एक बारीक कुरकुर: ॲपचा माग चालू ठेवून जेवायला बसलं की जेवणाचा तासही निरीक्षणात धरला जातो. रापणीवरून खानावळीकडे वळताना यादी थांबवावी. विसरलात तर पाठवण्याआधी मिनिटं कमी करावीत, आणि खानावळीच्या माडावर दिसलेला ककणेर (धनेश) त्या यादीत घालू नये. त्याची नोंद वेगळी करावी.